विश्लेषण : अरबी वाचता येते, पण कळत नाही... मोठेपणी ही भाषा शिकायची कशी?

कुरआन लहानपणी वाचून पूर्ण झालेला असतो. नमाजातल्या सूरह तोंडपाठ असतात. पण ‘याचा अर्थ काय?’ असे घरातल्या लहानग्याने विचारले, की मोठी माणसे एकमेकांकडे पाहू लागतात. मराठी मुलखातील अनेक मुस्लिम घरांत हा अनुभव येतो. वाशीम जिल्ह्यातील शिरपूर जैनसारख्या गावात राहून, मराठीच्या आधाराने आणि हातातल्या मोबाइलवर अरबी शिकता येते का? सुरुवात कुठून करावी आणि काय टाळावे?

वाचता येते, तरी कळत का नाही?

मकतबमध्ये मुलांना शिकवले जाते ते ‘नाजरा’, म्हणजे पाहून शुद्ध वाचणे. अक्षरे ओळखणे, जबर-जेर-पेश लावणे, शब्द जोडणे आणि थांबण्याच्या जागा पाळणे, एवढे यात येते. पठणाला धर्मात स्वतंत्र महत्त्व असल्याने ही पद्धत पिढ्यान्‌पिढ्या टिकली. मात्र वाचन आणि भाषा ही दोन वेगळी कौशल्ये आहेत. पहिले आले म्हणजे दुसरे आपोआप येत नाही.

हे केवळ मुस्लिम घरांपुरते नाही. अंतरिक्ष पार्श्वनाथाच्या मंदिरामुळे ओळखल्या जाणाऱ्या शिरपूर जैनमध्येच पाहा. णमोकार मंत्र प्राकृतात आहे, देवळातली स्तोत्रे संस्कृतात. विदर्भातल्या बौद्ध घरांत म्हटली जाणारी वंदना पालीत आहे. घरात बोलली न जाणारी भाषा श्रद्धेने म्हणणे या मातीला नवीन नाही. त्यामुळे ‘इतकी वर्षे वाचतोय, पण अर्थ येत नाही’ याची लाज बाळगण्याचे कारण नाही. केलेले पठण वाया गेलेले नसते. उलट लिपी आणि आवाज आधीच अंगवळणी पडलेले असणे ही मोठी जमा बाजू आहे.

अडचण माध्यमाची आहे. अरबी शिकवणारी बरीच पुस्तके उर्दूत आहेत. पण मराठी किंवा सेमी-इंग्रजी शाळेत शिकलेल्या मुलांना उर्दू बोलता येते, सफाईने वाचता येते असे नाही. म्हणजे अरबी शिकण्यासाठी आधी उर्दू वाचन शिका, असा दुहेरी घाट समोर उभा राहतो. मराठीतून थेट अरबीकडे गेल्यास तो टाळता येतो.

मराठी माणसाला अरबी किती परकी?

वाटते तितकी नाही. ‘मुक्काम पोस्ट शिरपूर जैन, तालुका मालेगाव, जिल्हा वाशीम’ हा साधा पत्ता घ्या. मुक्काम, तालुका आणि जिल्हा हे तिन्ही शब्द मुळात अरबी आहेत. तहसील, महसूल, वकील, तारीख, हिशेब, कायदा, हुकूम, हद्द, खर्च, सबब, अक्कल हेही तिथलेच. यातले बरेचसे शब्द फारसी कारभारामार्फत मराठीत आले आणि इतके रुळले की त्यांचे मूळ कोणाला आठवत नाही. कवी माधव जूलियन यांनी १९२५ मध्ये ‘फार्शी-मराठी कोश’ तयार केला, तो अशा शब्दांचे माहेर शोधायला आजही कामी येतो.

शिकणाऱ्याच्या दृष्टीने याचा अर्थ असा, की त्याच्याकडे काहीशे अरबी शब्दांची शिदोरी आधीपासून आहे. फक्त ती उघडून पाहिलेली नाही.

कोणती अरबी शिकायची?

हे आधी ठरवले नाही तर वर्ष वाया जाते. ढोबळमानाने तीन प्रकार आहेत. पहिली कुरआन-हदीसची अभिजात अरबी. दुसरी आजची प्रमाण अरबी, जी वर्तमानपत्रे, बातम्या आणि सरकारी कागदपत्रांत असते. तिसरी बोली, जी देशागणिक बदलते. पहिल्या दोन्हींचे व्याकरण बहुतांशी सारखे आहे. बोली मात्र बरीच दूर गेली आहे. ‘तुला काय हवे?’ हे प्रमाण अरबीत ‘माज़ा तुरीद?’ असे होईल, तर रियाधच्या बाजारात ‘वेश तबी?’ असे ऐकू येईल.

म्हणून नमाज आणि कुरआन समजून घ्यायचा असेल त्याने कुरआनी अरबीपासूनच सुरुवात करावी. आखातात चालक किंवा इलेक्ट्रिशियन म्हणून जाणाऱ्याने त्या देशाच्या बोलीतली रोजची वाक्ये, आकडे आणि कामाचे शब्द आधी शिकावेत. दोन्ही एकदम करू गेल्यास दोन्ही अर्धवट राहतात. ‘तीस दिवसांत अरबी’ असे सांगणाऱ्या जाहिराती यातली कोणती अरबी ते सांगत नाहीत. पैसे भरण्याआधी हा प्रश्न जरूर विचारावा.

उच्चारावर आधी मेहनत का?

उच्चार बदलला की अर्थ बदलतो. ‘क़ल्ब’ म्हणजे हृदय. यातला क घशाजवळून, जिभेचे मूळ वर टेकवून येतो. साध्या ‘क’ने म्हटल्यास ‘कल्ब’ होते आणि त्याचा अर्थ कुत्रा.

उर्दूच्या सवयीमुळे इथे गफलत होते. उर्दूत ज़ाल, ज़े, ज़ाद आणि ज़ोए या चार अक्षरांचा आवाज एकच. से, सीन आणि साद या तिन्हींचा ‘स’. अरबीत मात्र प्रत्येकाची जागा वेगळी आहे. ज़ालसाठी जिभेचे टोक वरच्या दातांच्या कडेला लागते. सादला आवाज भरदार होतो. ऐन घशाच्या मधल्या भागातून येतो आणि मराठीत त्याला जोडच नाही.

ऐन गाळला की काय होते, याचे उदाहरण शेतातच आहे. ‘रब्बी’ हंगामाचे नाव अरबी ‘रबीअ’ म्हणजे वसंत यावरून आले. त्याच्या शेवटी ऐन आहे. रुकूत म्हटला जाणारा ‘रब्बी’ वेगळा. तो ‘रब्ब’ म्हणजे पालनकर्ता या शब्दापासून झाला असून त्याचा अर्थ ‘माझा पालनकर्ता’. मराठी कानाला दोन्ही एकच वाटतात, अरबीत त्यांची कुळेच निराळी. (‘खरीप’ही अरबीच. ‘खरीफ’ म्हणजे शरद ऋतू.)

स्वरांची लांबीही तितकीच महत्त्वाची. मराठीत ‘दिन’ आणि ‘दीन’ यांत जसा फरक आहे, तसाच अरबीत ‘कतब’ म्हणजे त्याने लिहिले आणि ‘कातब’ म्हणजे त्याने पत्रव्यवहार केला. अक्षर दुप्पट झाले तरी अर्थ फिरतो. ‘दरस’ म्हणजे तो शिकला, ‘दर्रस’ म्हणजे त्याने शिकवले.

म्हणूनच देवनागरीत छापलेल्या सूरहांवर कायम विसंबून राहू नये. देवनागरीत चार प्रकारचे ‘ज़’ आणि तीन प्रकारचे ‘स’ दाखवायची सोय नाही. अगदी नव्याने शिकणाऱ्याने पहिले काही दिवस आधार घ्यायला हरकत नाही, पण नूरानी कायद्यासारखे प्राथमिक पुस्तक घेऊन मूळ लिपीत लवकर उतरावे. अक्षरे २८ आहेत. त्यांपैकी सहा पुढच्या अक्षराला जोडली जात नाहीत, बाकीची जागेप्रमाणे रूप बदलतात. रोज दोन-तीन अक्षरे हाताने लिहिली तर महिन्याभरात लिपी बसते.

उच्चार मात्र माणसाकडूनच शिकावा. गावातले हाफिजसाहेब किंवा कारी यांच्यासमोर बसून आठवड्यातून एकदा पाच ओळी वाचून दाखवल्या, तरी चुका वेळेत कळतात. लहानपणी पक्की झालेली चूक मोठेपणी काढणे अवघड असते. ॲप ती नेमकी दाखवेलच असे नाही.

पहिले शब्द कुठून घ्यायचे?

जे रोज तोंडात आहे, तिथूनच. दिवसाच्या पाच फर्ज नमाजांच्या मिळून १७ रकाती होतात आणि सूरह फातिहा त्यांत पुन्हा पुन्हा येते. ‘बिस्मिल्लाह’ धरून या सूरहमध्ये सात आयती आणि अवघे २९ शब्द आहेत. पाठ असलेल्या २९ शब्दांचा अर्थ शिकणे हा अरबीचा सर्वांत स्वस्त पहिला धडा.

त्यातले किती ओळखीचे निघतात पाहा. ‘बिस्मिल्लाह’मधला ‘इस्म’ म्हणजे नाव. मराठी बातमीतला ‘अनोळखी इसम’ त्याच शब्दाचा वंशज. ‘मालिक’ म्हणजे आपला मालक. ‘ग़ैर’ हा गैरहजर आणि गैरसमज यांतला गैर. ‘अनअम्त’ म्हणजे तू कृपा केलीस. ज्यावरून ‘इनाम’ आला तेच याचे मूळ. ‘मुस्तक़ीम’ म्हणजे सरळ, आणि तो मुक्काम व कायम यांच्याच कुळातला. ‘हम्द’ म्हणजे स्तुती. अहमद, महमूद, हमीद ही घराघरांतली नावे त्यातूनच निघतात. ‘नअबुदु’ म्हणजे आम्ही भक्ती करतो. अब्दुल या नावातला ‘अब्द’ त्याचाच भाऊ.

फातिहा झाली की रुकू-सजद्यातली वाक्ये, अत्तहियात, मग शेवटच्या पाऱ्यातल्या छोट्या सूरह असा क्रम ठेवावा. अर्थ शिकल्यावर तो नमाजातच रोज तपासला जातो. वेगळा सराव करावा लागत नाही.

सोबत वारंवार येणारे छोटे शब्द घ्यावेत. मिन (पासून), फी (मध्ये), अला (वर), इला (कडे), ला (नाही), हुव (तो), हिय (ती), अल्लज़ी (जो). कुरआनाची एकूण शब्दसंख्या ७७ हजारांच्या घरात असली तरी मोठा भाग अशाच शब्दांच्या पुनरावृत्तीचा आहे. एक मात्र ध्यानात ठेवावे. मराठीत ‘घरात’ म्हणताना ‘त’ मागून लागतो, अरबीत ‘फी’ आधी येतो आणि घर नंतर.

व्याकरण किती लागते?

सुरुवातीला थोडे, पण नेमके. अरबीचा कणा म्हणजे तीन अक्षरांचे मूळ. क-त-ब हे लिहिण्याचे मूळ. त्यातून किताब (पुस्तक), कातिब (लिहिणारा), मक्तूब (लिहिलेले) आणि मक्तब (लिहिण्याची जागा) हे शब्द होतात. म्हणजे ‘मकतब’ या शब्दातच पहिला धडा दडलेला आहे.

यातले साचे ओळखले की शब्द पाठ करण्याचे ओझे निम्मे होते. ‘कातिब’च्या साच्यातले शब्द करणाऱ्याचे असतात, जसे कातिल, हाकिम, तालिब. ‘मक्तूब’च्या साच्यातले ज्यावर क्रिया झाली त्याचे, जसे मजलूम म्हणजे ज्याच्यावर जुलूम झाला तो. छापील ‘मजकूर’ हाही मुळात ‘ज्याचा उल्लेख झाला आहे ते’, म्हणजे ‘जिक्र’चा नातेवाईक. ‘मक्तब’च्या साच्यातले बहुधा जागेचे. सजदा करण्याची जागा ती मस्जिद, दर्स म्हणजे धडा घेण्याची जागा तो मदरसा. ह-स-ल या मुळातून हासिल, महसूल आणि तहसील निघतात. ‘त्यात काय हशील?’ असे म्हणताना मराठी माणूस तेच मूळ वापरत असतो.

अनेकवचनाची खोड निराळी आहे. कित्येक शब्द शेवटी प्रत्यय न घेता आतून बदलतात. किताबचे कुतुब, खबरचे अखबार, अमीरचे उमरा होते. आपला ‘अमीर-उमराव’ तो हाच. ‘सबब’चे अनेकवचन असबाब. मराठीत एकाचा अर्थ कारण राहिला आणि दुसऱ्याचा सामानसुमान झाला. त्यामुळे नवा शब्द वहीत उतरवताना एकवचन आणि अनेकवचन जोडीनेच लिहावे.

मराठी येणाऱ्याला काही गोष्टी सोप्या जातात. ‘तो गेला, ती गेली’ यामुळे क्रियापदाला लिंग असते हे वेगळे शिकावे लागत नाही. अरबीत लिंगे दोनच आहेत, नपुंसकलिंग नाही. एकवचन आणि अनेकवचनाखेरीज द्विवचन आहे, जे शाळेत संस्कृत घेतलेल्यांना ओळखीचे वाटेल. शब्दाच्या शेवटचे जबर, जेर, पेश हे पुष्कळदा विभक्तीचे काम करतात. ‘आहे’साठी शब्द लागत नाही. ‘अल्लाहु अकबर’मध्ये दोनच शब्द आहेत, तरी वाक्य पूर्ण आहे.

ओळखीचा शब्द फसवतो का?

हो, आणि इथे सावध राहावे. अरबी ‘ग़रीब’ म्हणजे परका किंवा विचित्र, निर्धन नव्हे. ‘दौलत’ म्हणजे आजच्या अरबीत राज्य किंवा राष्ट्र. ‘फुर्सत’ म्हणजे संधी, मोकळा वेळ नव्हे. फातिहातल्या ‘दीन’चा मराठीतल्या ‘दीनदुबळ्या’शी काही संबंध नाही. तिथे त्याचा अर्थ कर्मांच्या निवाड्याचा आहे. म्हणून मराठी शब्दावरून अंदाज जरूर बांधावा, पण शब्दकोश उघडल्याशिवाय तो पक्का धरू नये.

याच कारणाने थोडी अरबी येऊ लागताच धार्मिक निर्णय स्वतः काढायला जाऊ नये. एका शब्दाचे संदर्भानुसार अनेक अर्थ असतात. भाषा शिकल्याने प्रश्न नेमका विचारता येतो. उत्तरासाठी अभ्यास केलेल्या आलिमांकडेच जावे.

मोबाइलचा खरा उपयोग काय?

तीन कामांसाठी. पहिले, ऐकणे. एकाच कारींचे एकच सूरह आठवडाभर ऐकावे, रोज नवा आवाज शोधू नये. दुसरे, शब्दार्थ. ‘कुरान डॉट कॉम’वर शब्दाला स्पर्श केला की त्याचा अर्थ दिसतो. ब्रिटनमधील लीड्स विद्यापीठात तयार झालेल्या ‘कुरानिक अरेबिक कॉर्पस’ या मोफत संकेतस्थळावर प्रत्येक शब्दाचे मूळ आणि व्याकरण मिळते, पण ते इंग्रजीत आहे. घरातल्या कॉलेजात जाणाऱ्या मुलांना तिथे सोबत घ्यावे. तिसरे, लिहिणे. फोनच्या कीबोर्डमध्ये अरबी भाषा जोडून रोज पाच शब्द टाइप केल्यास स्पेलिंग पक्के होते.

एक साधी अडचण अनेकांना सतावते. भारतात छापल्या जाणाऱ्या कुरआनाची लिखाणाची ढब आणि अनेक ॲपमध्ये दिसणारी मदिना प्रतीची ढब वेगळी आहे. खुणा निराळ्या दिसल्याने नेहमीचा वाचकही अडखळतो. अशा वेळी सेटिंगमध्ये जाऊन ‘इंडोपाक’ लिपी निवडावी.

यांत्रिक भाषांतरावर मात्र पूर्ण भरवसा नको. छापील प्रमाण अरबीत बहुधा जबर-जेर नसतात आणि यंत्र एकाच लिखाणाचा भलताच शब्द वाचू शकते.

पुस्तके आणि अभ्यासक्रम कोणते?

मदिना येथील इस्लामी विद्यापीठात शिकवलेले डॉ. व्ही. अब्दुर रहीम यांचे ‘दुरूसुल लुगतिल अरबिया’ हे तीन भागांचे पुस्तक जगभर वापरले जाते. लेखक मूळचे तमिळनाडूतील वाणियंबाडीचे. अरबांखेरीज इतरांना ही भाषा कुठे जड जाते, याची जाण पुस्तकात दिसते. वस्तूंकडे बोट दाखवून विचारलेल्या सोप्या प्रश्नांपासून ते सुरू होते आणि व्याकरण हळूहळू येते. पहिला भाग सावकाश पूर्ण केला तरी पाया तयार होतो.

प्रमाणपत्र हवे असल्यास गाव सोडण्याची गरज नाही. इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाचा अरबी भाषेचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम दूरशिक्षणाने करता येतो. राष्ट्रीय उर्दू भाषा विकास परिषदही अभ्यास केंद्रांमार्फत अरबीचे प्रमाणपत्र आणि पदविका अभ्यासक्रम चालवते. प्रवेशाच्या तारखा आणि जवळचे केंद्र अधिकृत संकेतस्थळावर पाहूनच शुल्क भरावे. राज्याच्या शिक्षण मंडळाच्या अभिजात भाषांत संस्कृत, पाली आणि अर्धमागधीसोबत अरबीही आहे. शाळेत शिक्षक उपलब्ध असतील तर पालकांनी तिची चौकशी करावी.

रोज किती वेळ द्यावा?

शेती, दुकान किंवा घरकाम सांभाळून वीस मिनिटे पुरतात, पण ती रोज हवीत. पाच मिनिटे कालची उजळणी, पाच मिनिटे तीन नवे शब्द, पाच मिनिटे ऐकणे आणि पाच मिनिटे लिहिणे. आठवड्याचा एक दिवस केवळ उजळणीला. या हिशेबाने सहा महिन्यांत साडेचारशेच्या आसपास शब्द होतात. शब्द एकेकटे न लिहिता मुळानुसार लिहावेत, एका पानावर एक कुटुंब. रविवारी तीन तास बसून सोमवारपासून वही बंद, हा प्रकार या भाषेत चालत नाही.

वय आडवे येते ही समजूतही सोडावी. वर्ध्याजवळ पवनारला राहणाऱ्या विनोबा भावे यांनी मोठेपणी अरबी शिकून मूळ कुरआन अभ्यासला आणि पुढे ‘कुरान-सार’ हे संकलन सिद्ध केले. मराठी घरात वाढलेल्या माणसाला विदर्भात बसून ही भाषा वश होते, याचा हा दाखला. तेव्हा हातात मोबाइल नव्हता.

गावाला काय करता येईल?

एकट्याने शिकणारा बहुधा दुसऱ्या महिन्यात थांबतो, चौघे मिळून शिकणारे टिकतात. मकतबच्या वेळेत मुलांना रोज दहा मिनिटे मराठीतून अर्थ सांगितला तर वेगळा वर्ग काढावा लागणार नाही. महिलांसाठी दुपारची वेळ ठेवता येईल. त्यांना येऊ लागले की घरातली मुले आपोआप शिकतात. वाचनालयाने एक अरबी शब्दकोश आणि प्राथमिक पुस्तकाच्या दोन-तीन प्रती ठेवल्या, तर खर्च फार नाही.

यातले सर्वांत निकडीचे काम मराठीतून लिहिलेल्या साहित्याचे आहे. फातिहा आणि दहा छोट्या सूरहांचे शब्दार्थ, त्यांची मुळे आणि मराठीतले त्यांचे नातलग शब्द एवढी वीस पानांची पुस्तिका आलिम, मराठीचे शिक्षक आणि एखादा संगणक जाणणारा तरुण यांनी मिळून केली, तरी पुढच्या पिढीची वाट सोपी होईल. उर्दू वाचता न येणारी मुले आज पठण तर करतात, पण अर्थापासून पूर्वीच्या पिढीपेक्षाही दूर जात आहेत. त्यांच्यासाठी पूल बांधायचा तर तो त्यांना येणाऱ्या भाषेतच बांधावा लागेल, आणि त्याचे बरेचसे दगड मराठीत आधीच पडलेले आहेत.